रेसिंगवेडा हूद्री आणि आपला सायलेन्सर

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की गाडीचा पिकअप वाढतो, आवाजही भारी येतो, असं हॉस्टेलवर कोणी ना कोणी सांगतंच. गंमत म्हणजे ज्याने कन्व्हर्टर बनवला, तो स्वतःच रेसिंगवेडा होता!

यूजीन हूद्री यांचा जन्म १८९२ सालचा, पॅरिसजवळच्या दोमाँचा. शिक्षण आपल्यासारखंच मेकॅनिकल, फक्त ते वर्गात पहिले आले (एवढा फरक चालायचाच!). पहिल्या महायुद्धात रणगाडा दलात जखमी झाले. मग रेसिंग कारचा नाद लागला आणि त्यातून चांगल्या पेट्रोलचा ध्यास. जड तेल कॅटॅलिस्टच्या मदतीने तोडून पेट्रोल काढायची रीत त्यांनी बसवली. १९३० साली ते अमेरिकेत गेले, १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियात मोठा प्लँट उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना या रीतीने बनवलेलं पेट्रोल मिळालं. फ्रान्सच्या व्हिशी सरकारला विरोध केला म्हणून मायदेशाने मात्र त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं.

एवढं झाल्यावर दुसरा कोणी आराम करत बसला असता. पण लॉस एंजेलिसच्या धुरक्याबद्दल वाचून, साठीकडे झुकलेल्या या माणसाने धुराचाच प्रश्न हातात घेतला. १९५६ मध्ये पेटंट मिळालं, पण गाड्यांत कन्व्हर्टर चालेना. कारण तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं कॅटॅलिस्ट निकामी करायचं. १९६२ मध्ये हूद्री गेले. अमेरिकन गाड्यांत कन्व्हर्टर सर्रास आला तो १९७५ च्या मॉडेलपासून. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना तो सक्तीचा झाला, आणि २००० साली देशभरातल्या पेट्रोलमधून शिसं गेलं.

आता तो काढला तर काय होतं? आतल्या जाळीवरचे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचा बंदोबस्त करतात. तो नसला की हे सगळं थेट मागच्या बाइकवाल्याच्या नाकात. बोईसर-तारापूरच्या हवेत आणखी भर कशाला? शिवाय मागचा ऑक्सिजन सेन्सर गडबड ओळखतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटतो. गाडीत असा बदल करणं कायद्यातही बसत नाही.

आणि पिकअप? धडधाकट कन्व्हर्टर काढून फरक पडतो नावापुरता. कन्व्हर्टर चोंदला असेल तर गाडी दमते खरी, पण तो चोंदतो इंजिन ऑइल जाळत असेल किंवा मिसफायर करत असेल म्हणून. म्हणजे दुखणं इंजिनचं आणि ऑपरेशन सायलेन्सरचं!