व्याख्याने ऐकून शास्त्रज्ञ झालेले फॅरेडे

आपण बटण दाबले की दिवा लागतो. विहिरीवरची मोटार चालू होते. हे ज्यांच्या शोधांमुळे घडले, त्या थोर शास्त्रज्ञांचे नाव मायकेल फॅरेडे. गुरुजींनी सांगितलेली आणि मी वाचलेली त्यांची माहिती येथे देत आहे.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये, लंडन शहराजवळ झाला. त्यांचे वडील लोहार होते. ते सारखे आजारी असायचे. त्यामुळे घरची फार गरिबी होती. लहानपणी मायकेलला एक पाव मिळायचा आणि तो आठवडाभर पुरवायचा, असे सांगतात. लिहायला, वाचायला आणि थोडे हिशेब करायला आले, तेवढ्यावर त्याची शाळा सुटली.

तेराव्या वर्षी तो एका पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला. आधी घरोघर वर्तमानपत्रे पोचवायची. मग चौदाव्या वर्षापासून पुस्तके बांधायला शिकायचे. ते शिक्षण सात वर्षांचे होते. पुस्तक बांधता बांधता मायकेल ते वाचून काढायचा. असेच एकदा त्याला विजेची माहिती वाचायला मिळाली. मग त्याला वेडच लागले. वाचवलेल्या पैशातून सामान आणून तो छोटे छोटे प्रयोग करू लागला.

त्या वेळी लंडनमध्ये टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने देत असत. दिवसभर काम करणारी साधी माणसे तेथे जमायची. ऐकायची आणि आपसात चर्चाही करायची. पण एका व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा. मायकेलकडे कुठला आलाय शिलिंग! तेव्हा त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट पुढे झाला. तोही लोहारकाम करायचा. घण मारून मिळवलेल्या पैशातून त्याने धाकट्या भावाला शिलिंग दिले. हे १८१० सालापासूनचे. त्याच वर्षी त्यांचे वडील वारले, तरी रॉबर्टने हात आखडला नाही.

पुढे १८१२ साली दुकानात येणाऱ्या एका माणसाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेची तिकिटे दिली. तेथे हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञांची चार व्याख्याने त्याने ऐकली. सगळे लिहून घेतले, आकृत्या काढल्या आणि त्याचे छान पुस्तक बांधून डेव्हींना पाठवून दिले. लगेच काही काम मिळाले नाही. पण १८१३ साली तिथला एक मदतनीस भांडणामुळे निघाला आणि डेव्हींनी मायकेलला बोलावले. राहायला माडीवर दोन खोल्या मिळाल्या. शिवाय कोळसा आणि मेणबत्त्याही.

मग फॅरेडेंनी मागे वळून पाहिले नाही. १८२१ साली त्यांनी विजेच्या जोरावर तार लोहचुंबकाभोवती फिरवून दाखवली. आपल्या मोटारीची सुरुवात तेथून झाली. १८३१ साली त्यांनी तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला, तर तारेत वीज आली! लोहचुंबक थांबला की वीजही थांबे. धरणावर वीज तयार होते ती याच नियमाने.

एवढे मोठे झाले तरी टेटम यांच्या घरच्या त्या संध्याकाळी ते विसरले नाहीत. त्यांनी दर शुक्रवारी संध्याकाळी लोकांसाठी व्याख्याने सुरू केली. १८२५ सालापासून नाताळात मुलांसाठीही व्याख्याने सुरू झाली. ती स्वतः फॅरेडेंनी १९ वर्षे दिली. नीट बोलता यावे म्हणून ते शिकवणीला गेले होते. भरभर बोलू लागले की मदतनीस त्यांच्यापुढे सावकाश असे लिहिलेले कार्ड ठेवायचा. नाताळची ती व्याख्याने तेथे आजही होतात.

त्यातली मेणबत्तीवरची व्याख्याने फार गाजली. एका साध्या मेणबत्तीत किती विज्ञान असते ते त्यांनी मुलांना करून दाखवले. आमच्या गुरुजींनीही वर्गात मेणबत्ती लावली. ती विझवली आणि वर चाललेल्या धुराला काडी लावली, तर ज्योत उडी मारून वातीवर आली! मग गार पाण्याचा पेला ज्योतीच्या वर जरा उंच धरला. पेल्याच्या बुडाला दव आले. जळणाऱ्या मेणातून पाणी तयार होते हे आम्हाला तेव्हा पटले. तुम्हीही बघा, पण मोठ्या माणसांना जवळ घेऊनच.

फॅरेडेंना सर ही पदवी मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले.

मला त्यांच्या गोष्टीत रॉबर्ट फार आवडतो. मागच्या वर्षी तालुक्याला विज्ञान प्रदर्शन होते. आईजवळ एसटीचे पैसे नव्हते. मी रडून झोपले. सकाळी दादाने माझ्या हातावर पैसे ठेवले. दादा दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजवर जातो. रॉबर्टचे वाचले तेव्हा मला दादाच दिसला. फॅरेडेंचे नाव सगळ्या जगाला माहीत आहे, पण पहिला शिलिंग कोणी दिला हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

अशा या थोर शास्त्रज्ञांना आणि त्यांच्या भावाला माझा नमस्कार.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी