वाय.डी. लागलेला लेखक

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये दोनच प्रकारची माणसं जागी असतात. पहिली जी.टी. मारणारी आणि दुसरी, ज्यांना नेमकी त्याच रात्री कविता सुचते. या दुसऱ्या जमातीचा मूळपुरुष शोधायचा तर थेट रशियात जावं लागेल. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात १८३८ साली एक सोळा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याचं नाव फ्योदोर दोस्तोव्हस्की.

हो, तोच. 'क्राईम अँड पनिशमेंट'वाला. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की हा जगप्रसिद्ध कादंबरीकार रीतसर इंजिनिअर होता. अर्थात मनापासून नव्हे, वडिलांच्या इच्छेखातर. (ओळखीचं वाटतंय ना?)

जन्म १८२१ चा, मॉस्कोतला. वडील गरिबांच्या इस्पितळात डॉक्टर, स्वभावाने कडक. घर इस्पितळाच्या आवारातच, त्यामुळे आजारी, फाटकी, हरलेली माणसं लहानपणापासून डोळ्यांसमोर. १८३७ मध्ये आई क्षयाने गेली आणि त्याच वर्षी वडिलांनी फ्योदोर आणि त्याचा थोरला भाऊ मिखाईल यांना सेंट पीटर्सबर्गला नेऊन सोडलं. मुलं लष्करी इंजिनिअर झाली की नोकरीची चिंता मिटेल, हा साधा हिशोब. तो चुकीचा होता असंही म्हणवत नाही. तब्येतीच्या कारणावरून मिखाईलला प्रवेश मिळाला नाही. धाकटा एकटाच आत गेला.

कॉलेज एका जुन्या राजवाड्यात होतं. सकाळपासून कवायत, किल्ल्यांची तटबंदी, गणित, ड्रॉईंग. पहिल्याच वर्षी आपल्या साहेबांना वाय.डी. लागला! बीजगणिताने दगा दिला आणि वर्ष पुन्हा करावं लागलं. घरी पत्रं जायची ती बहुतेक पैसे मागणारी. पण रात्री सगळं झोपलं की हा पोरगा फोंटांका नदीकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत, खिडकीपाशी, अंगाला पांघरूण लपेटून मेणबत्तीच्या उजेडात लिहीत बसायचा. सतरा-अठरा वर्षांच्या या मुलाने भावाला पत्रातून कळवलं होतं की माणूस हे एक कोडं आहे आणि ते सोडवण्यात सगळं आयुष्य गेलं तरी ते वाया जाणार नाही. गणितात नापास झालेल्या मुलाने निवडलेलं हे कोडं!

१८४३ मध्ये तो पास झाला आणि ड्रॉईंग ऑफिसात चिकटला. वर्षभरच. १८४४ मध्ये बाल्झाकच्या एका कादंबरीचा अनुवाद करून त्याने हात साफ करून घेतला आणि नोकरीचा राजीनामा दिला. खिशात पैसे नाहीत, डोक्यावर उधारी. जवळ काय, तर एक अर्धवट कादंबरी. ती पुन्हा पुन्हा खोडून लिहीत १८४५ मध्ये पुरी केली. रूममेट होता ग्रिगोरोविच, कॉलेजातलाच जुना सोबती. त्याने हस्तलिखित उचललं आणि नेक्रासोव्ह या कवीकडे नेलं. दोघे वाचत बसले ते रात्रभर. पहाटे चारच्या सुमाराला दोघांनी जाऊन लेखकाला गाठलं, सकाळ होईपर्यंतही त्यांना धीर धरवला नाही. 'पुअर फोक' १८४६ मध्ये छापून आली आणि पोरगा रातोरात लेखक झाला. रूममेट असावा तर असा!

पण पुढच्याच पुस्तकाची टर उडाली. डोक्यात गेलेली हवा भरकन उतरली. त्यातच तो सरकारविरोधी चर्चा करणाऱ्या तरुणांच्या मंडळात जाऊ लागला. एप्रिल १८४९ मध्ये अटक, मग मृत्युदंड. २२ डिसेंबरला त्याला भर चौकात उभं केलं. पहिल्या तिघांना खांबांना बांधलं होतं, याचा नंबर पुढच्या तिघांत होता. बंदुका रोखल्या गेल्या आणि शेवटच्या क्षणी झारची माफी आली. ते सारं नाटक आधीच ठरलेलं होतं. शिक्षा झाली सैबेरियात चार वर्षं सक्तमजुरीची.

ओम्स्कच्या तुरुंगात पायात बेड्या आणि वाचायला फक्त बायबलचा नवा करार. लिहायला बंदी. आता इथे प्रेरणा कुठून आणायची? त्याने काय केलं, तर कान उघडे ठेवले. चोर, खुनी, दरोडेखोर बोलायचे त्यातल्या म्हणी, शिव्या, टोमणे तो चोरून टिपून ठेवू लागला. तुरुंगाच्या दवाखान्यातल्या माणसांनी ते कागद सांभाळले. जवळजवळ पाचशे नोंदी झाल्या. त्या शिदोरीतून पुढे तुरुंगावरचं त्याचं पुस्तक उभं राहिलं. तिथेच त्याला एक कैदी भेटला होता, बापाच्या खुनाबद्दल शिक्षा भोगणारा. पुढे कळलं की तो निर्दोष होता. ही गोष्ट दोस्तोव्हस्कीच्या डोक्यात पंचवीसेक वर्षं मुरत राहिली आणि १८७९-८० मध्ये 'द ब्रदर्स करमाझोव्ह' होऊन बाहेर आली. आपल्याला आलेली कल्पना दोन दिवसांत जमली नाही की आपण ती सोडून देतो, नाही का?

हा माणूस संत मुळीच नव्हता, हेही सांगायला हवं. जुगाराचं जबर व्यसन. १८६५ मध्ये जर्मनीत सगळे पैसे रूलेटवर घालवले, तेव्हा हॉटेलवाल्याने जेवण बंद केलं, नुसता चहा मिळे. अशा उपाशी अवस्थेत त्याने एका गरीब विद्यार्थ्याची कथा लिहायला घेतली. हा विद्यार्थी सावकारणीचा खून करतो. आधी दारुड्यांवर एक वेगळी कादंबरी त्याच्या मनात होती, तीही यात मिसळली. बरंच लिहून झालं आणि मग वाटलं, सूर चुकला. सगळं जाळलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याचीच झाली 'क्राईम अँड पनिशमेंट'. आपल्याला एक शीट पुन्हा काढायची म्हटलं तरी रडू येतं.

१८६६ चा ऑक्टोबर तर कुठल्याही सबमिशनला लाजवेल असा. एका प्रकाशकाशी करार झाला होता. १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला. महिना उरला आणि एक ओळ लिहिलेली नाही! मित्रांनी शॉर्टहँड जाणणारी वीस वर्षांची ॲना नावाची मुलगी सुचवली. रात्री टिपणं काढायची, दिवसा तिला सांगायचं. सव्वीस दिवसांत 'द गॅम्बलर' तयार. विषय? स्वतःचंच व्यसन. प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर गेलेला, तेव्हा हस्तलिखित पोलीस चौकीत जमा करून पावती घेतली. पुढल्या वर्षी ॲनाशी लग्न झालं, आणि पुढे त्याच्या कर्जाचा आणि पुस्तकांचा कारभार तिनेच रुळावर आणला.

१८८१ मध्ये तो गेला. त्याच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यात कादंबऱ्यांची कच्ची टिपणं आहेत, खाडाखोड आहे, माणसांचे चेहरे आहेत आणि मधूनमधून टोकदार कमानी आणि खिडक्या काढलेल्या आहेत. पात्र सुचत नसलं की हात आपोआप ड्रॉईंगकडे वळत असणार. म्हणजे जे शिकणं त्याला नकोसं झालं होतं, तेही शेवटपर्यंत बोटांतून गेलं नाही.

तेव्हा दोस्तहो, सुचण्यासाठी निवांत वेळ, डोंगरमाथा आणि पाऊस लागतो हे विसरा. मेसच्या रांगेत, लोकलच्या दारात, नापास झालेल्या मित्राच्या खोलीत कान उघडे ठेवा आणि ऐकलेलं जर्नलच्या मागच्या पानावर का होईना, टिपून ठेवा. फक्त एक विनंती. वाय.डी. लागला तर घरी या लेखाचं नाव सांगू नका.