सरफोजीराजांची कुरवंजी

गुम्मिडिपूंडीहून चेन्नईस जाताना आम्हांस तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचे स्मरण होते. 1777 साली जन्मलेल्या या दत्तकपुत्रास चुलते अमरसिंह यांच्या जाचातून सोडवून 1793 साली मद्रासेस आणले होते. जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांनी त्यांस पाश्चात्त्य विद्येची गोडी लावली. 1798 साली गादी मिळाली. परंतु पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला.

सत्ता गेली, तरी राजे विद्येस अंतरले नाहीत. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, देवनागरी छापखाना काढला आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी संगीत नृत्यनाट्य रचले. कुरवंजी हा मूळचा तमिळ प्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरत्ती विरहिणीस प्रियकराची वार्ता देते. राजांची कुरत्ती मात्र जगाचा भूगोल गाऊन सांगते.

1832 साली राजे निवर्तले. 1855 साली राज्यही खालसा झाले. कुरवंजी उरली. आमची मुले तमिळ बोलतात, इंग्रजी शिकतात, याचा आम्हांस आनंदच आहे. घरची मराठी सुटेल, एवढीच धास्ती. राजांनी साज तमिळ घेतला, विद्या युरोपची घेतली आणि गाणे मराठीत बांधले. आम्हांस तोच धडा पुरेसा आहे.