भक्ती बर्वे : वाणीचे सामर्थ्य

मराठी रंगभूमीला समर्थ अभिनेत्रींची मोठी परंपरा लाभली आहे. रंगमंच आणि दूरदर्शन ही दोन्ही माध्यमे सारख्याच सहजतेने हाताळणाऱ्या भक्ती बर्वे या त्याच परंपरेतील एक ठळक नाव होय.

भक्ती बर्वे यांचा जन्म 10 सप्टेंबर 1948 रोजी सांगली येथे झाला. नाट्यपंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले होते. भक्ती बर्वे यांच्या अभिनयाचा पाया मात्र मुंबईत घातला गेला. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ या संस्थेच्या बालनाट्यांतून त्यांनी लहानपणीच रंगमंचावर पाऊल ठेवले. समोरचा बालप्रेक्षक कंटाळला की लगेच चुळबुळ करू लागतो. त्याला बांधून ठेवायचे तर शब्द स्पष्ट आणि हालचाल नेमकी हवी. हे शिक्षण त्यांना जन्मभर पुरले.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या काळी दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरांत असत आणि शेजारीपाजारी तेथे जमत. अशा प्रेक्षकांना निवेदिका व वृत्तनिवेदिका म्हणून भक्ती बर्वे यांचा चेहरा परिचित झाला. बातम्या वाचताना हातवारे नाहीत की नाट्यमय चढउतार नाहीत. केवळ स्वच्छ उच्चार, योग्य विराम आणि संयत मुद्रा यांच्या बळावर आशय पोहोचवायचा असतो. हे काम त्यांनी उत्तम रीतीने केले.

1975 मध्ये ‘ती फुलराणी’ हे नाटक रंगभूमीवर आले. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचे हे रूपांतर पु. ल. देशपांडे यांनी केले होते. रस्त्यावर फुले विकणारी मंजुळा आणि तिला शुद्ध भाषा शिकवण्याची पैज घेणारा प्राध्यापक यांची ही कथा. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते, तर मंजुळा होत्या भक्ती बर्वे. दूरदर्शनवर प्रमाण मराठीचा आदर्श ठरलेला तोच कंठ येथे रांगड्या, ठसकेबाज बोलीत कडाडू लागला.

या भूमिकेतील खरी कसोटी दोन टोकांच्या मधल्या वाटेवर होती. अडाणी मंजुळा, उच्चार घोकून बोलणारी मंजुळा आणि अखेरीस स्वतःचे मन त्या भाषेत मांडणारी मंजुळा, अशा पायऱ्या अभिनेत्रीला चढायच्या होत्या. आपल्याला हिणवणाऱ्या प्राध्यापकावरील संताप मंजुळा ज्या दीर्घ स्वगतातून व्यक्त करते, ते भक्ती बर्वे यांच्या अभिनयाचे शिखर मानले जाते. त्यांनी मंजुळेच्या बोलीला केवळ हशा मिळवण्याचे साधन केले नाही. त्या बोलीमागचा स्वाभिमान त्यांनी जपला. म्हणूनच प्रेक्षक मंजुळेला हसत असतानाच तिच्या बाजूने उभे राहत.

अशा लोकप्रिय भूमिकेत नट अडकून पडण्याचा धोका असतो. भक्ती बर्वे यांनी तो ओळखून निरनिराळ्या वाटा चोखाळल्या. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’ या नाटकात त्यांनी घरासाठी राबून थकलेल्या आणि त्या कामातून निवृत्त होऊ पाहणाऱ्या आईचे मन उलगडले. ‘गांधी विरुद्ध गांधी’ मध्ये त्यांनी कस्तुरबा उभ्या केल्या. दूरदर्शनसाठी त्यांनी खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी साकारल्या. ‘जाने भी दो यारो’ या 1983 च्या हिंदी चित्रपटातील धूर्त संपादिका तर या सर्वांहून वेगळी होती. 1990 मध्ये संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

अभिनेते व दिग्दर्शक शफी इनामदार हे त्यांचे पती. 1996 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरही भक्ती बर्वे यांनी रंगभूमीची साथ सोडली नाही. 12 फेब्रुवारी 2001 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर झालेल्या मोटार अपघातात, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढे इतर अभिनेत्रींनीही फुलराणी साकारली; तरीही मंजुळेचे नाव निघताच भक्ती बर्वे आठवतात. भाषा माणसाला प्रतिष्ठा मिळवून देते. पण माणसाची योग्यता त्याच्या उच्चारांवरून ठरत नाही. प्रमाण भाषा आणि बोली या दोहोंना सारखाच मान देणाऱ्या या अभिनेत्रीने ते आपल्या कलेतून दाखवून दिले.