गरम पाणी कोमटच का येतं? जेम्स ज्यूलची गोष्ट आणि छोट्या ट्रेलरचा हीटर

अमेरिकेत कॅम्पिंग ट्रेलर भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी मंडळींची एक तक्रार माझ्यापर्यंत नेहमी येते. हीटर चालू आहे, दिवा लागलाय, तासभर वाट पाहिली, तरी शॉवरला पाणी कोमटच. कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली. तिच्यात पलंग, शेगडी, बेसिन आणि साधारण २३ लिटरची गरम पाण्याची टाकी. बाहेर थंडी, मुलांच्या आंघोळी राहिलेल्या, आणि मग कोणीतरी पाना घेऊन थर्मोस्टॅट उघडायला बसतं.

माझं म्हणणं एवढंच, की पाना नंतर. आधी मोजा. आणि पाण्याची उष्णता कशी मोजायची हे शिकायचं असेल, तर जेम्स प्रेस्कॉट ज्यूलपेक्षा चांगला गुरू मला तरी माहीत नाही. शाळेत ऊर्जेचं एकक म्हणून पाठ केलेला हाच तो ज्यूल. त्याचं निम्मं आयुष्य पाणी किती तापलं हे बघण्यात गेलं, आणि ट्रेलरच्या कोमट पाण्याचं जवळपास प्रत्येक कारण त्याच्या आयुष्यात कुठे ना कुठे सापडतं.

बीअरच्या कारखान्यातला मुलगा

ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा. वडील बीअरचे मोठे कारखानदार. पोरगा तब्येतीने नाजूक, लाजाळू, त्यामुळे शिक्षण घरीच. पुढे त्याला आणि त्याच्या भावाला शिकवायला मास्तर कोण मिळाले, तर जॉन डाल्टन. अणुसिद्धांतवाले डाल्टन! त्यांनी आधी अंकगणित आणि भूमिती पक्की करून घेतली. १८३७ मध्ये डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ही शिकवणी थांबली. ज्यूल कॉलेजात कधी गेलाच नाही. पदवी नाही, नोकरी नाही, प्राध्यापकी नाही. घरच्या कारखान्याचं काम बघायचं आणि उरलेल्या वेळात घरातल्या प्रयोगशाळेत खटपट करायची.

पण कारखान्याने त्याला एक गोष्ट फुकटात शिकवली. बीअर बनवताना तापमान जरा चुकलं की माल बिघडतो. त्यामुळे तिथे अंदाज चालत नाही, थर्मामीटर लागतो. हात घालून गरम आहे, कोमट आहे असं म्हणणं म्हणजे माहिती नव्हे, हे त्याच्या अंगात लहानपणापासूनच भिनलेलं होतं.

ट्रेलरसाठी पहिला धडा हाच. स्वयंपाकघरात वापरतात तो टोकदार डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो सोबत ठेवा. फोनवर थर्मामीटर नावाची ॲप्स दिसतात, ती यासाठी कामाची नाहीत. ती बहुतेक वेळा हवामानखात्याचं किंवा फोनच्या बॅटरीचं तापमान दाखवतात. तुमच्या बादलीतल्या पाण्याशी त्यांचा संबंध नाही.

बॅटरीचा हिशोब

विशीच्या आसपास ज्यूलला विजेच्या मोटारींचं वेड लागलं. त्या काळात विजेबद्दल भलतीच स्वप्नं बघितली जात होती. कारखान्यातली वाफेची इंजिनं काढून तिथे मोटारी बसवता येतील का, असं त्यालाही वाटत होतं. त्याने मोटारी बनवल्या, सुधारल्या आणि मग शांतपणे हिशोब मांडला. त्यावेळच्या बॅटऱ्यांमध्ये जस्त खर्ची पडायचं. तेवढंच काम कोळशावर करून घेतलं तर कितीतरी स्वस्त. स्वप्न तिथेच संपलं. पण एवढ्या जस्तातून, एवढ्या कोळशातून नेमकं काम किती निघतं, हा प्रश्न मात्र त्याला आयुष्यभर पुरला.

हाच हिशोब ट्रेलरमध्ये करून बघू. तुमच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात साधारण १९ वॅट-तास, म्हणजे ६९ हजार ज्यूल ऊर्जा असते. दिवसभर रील्स बघायला पुरते. आता एक लिटर पाणी एका सेल्सिअस अंशाने तापवायला जवळपास ४१८६ ज्यूल लागतात. म्हणजे फोनची अख्खी बॅटरी त्या २३ लिटरच्या टाकीत ओतली, तर पाणी किती तापेल? एक अंशसुद्धा नाही!

टाकी १५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ३८ लाख ५० हजार ज्यूल लागतात. ट्रेलरची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी केली तर हे जेमतेम एकदा होईल, आणि मग रात्री दिवेही लागणार नाहीत. म्हणूनच ट्रेलरमध्ये बॅटरी फक्त गॅसचा बर्नर पेटवायला आणि त्याचं सर्किट चालवायला वापरतात. पाणी तापतं ते गॅसवर किंवा कॅम्पग्राउंडच्या प्लगमधून येणाऱ्या विजेवर. हीटरचं १२ व्होल्टचं बटण चालू आहे, दिवाही लागलाय, पण गॅसचा सिलिंडर बंद किंवा रिकामा आहे, असं असेल तर पाणी गरम होणार तरी कसं?

१८४०: करंटचा वर्ग

डिसेंबर १८४० मध्ये, बावीस वर्षांचा होता होता, ज्यूलने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक निबंध पाठवला. प्रयोग अगदी साधा. तारेचं वेटोळं पाण्यात बुडवायचं, त्यातून करंट सोडायचा आणि पाणी किती तापतं ते मोजायचं. त्याला दिसलं ते असं: करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तीनपट केला तर नऊपट. उष्णता = करंटचा वर्ग × रोध × वेळ. दहावीच्या पुस्तकातला ज्यूलचा नियम तो हाच. सोसायटीने फक्त सारांश छापला. पूर्ण निबंध पुढच्या वर्षी एका मासिकात आला.

चार्जिंगला लावून गेम खेळताना फोन तापतो, त्यात या नियमाचा मोठा हात आहे. आणि ट्रेलरचा विजेवरचा हीटर म्हणजे तर ज्यूलचं ते वेटोळंच, २३ लिटरच्या भांड्यात बसवलेलं.

आता बघा. अमेरिकेतल्या अशा हीटरचा एलिमेंट साधारण १२० व्होल्टला १४४० वॅटचा असतो. कोणाला उष्णता बाहेर जाऊ दिली नाही असं धरलं, तर टाकी १५ वरून ५५ अंशांवर जायला पाऊण तास लागतो. संध्याकाळी कॅम्पग्राउंड भरलं, सगळ्यांचे एसी आणि हीटर सुरू झाले, की प्लगमधलं व्होल्टेज पडतं. समजा १०५ झालं. व्होल्टेज साडेबारा टक्केच कमी झालं, पण करंटही तेवढाच घटला, त्यामुळे उष्णता जवळपास २३ टक्क्यांनी घटली. एलिमेंट १४४० ऐवजी ११०० वॅटचाच उरला. पाऊण तासाचा एक तास होतो. हीटर बिघडलेला नाही, फक्त वर्गाचा नियम आडवा आलाय. अशा वेळी गॅसही चालू करता येत असेल तर करा, किंवा थोडं थांबा.

अर्ध्या अंशाचं भांडण

ज्यूल इथे थांबला नाही. विजेने पाणी तापतं, घासण्याने तापतं, दाबलेल्या हवेनेही तापतं. मग उष्णता हा कुठला तरी अदृश्य द्रव नसून कामाचंच दुसरं रूप असणार, असं त्याला वाटू लागलं. त्या काळातल्या मोठमोठ्या लोकांचा द्रवाच्या कल्पनेवर विश्वास होता. ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याने आपले आकडे मांडले. सभा गप्प. कोणाला त्यात फारसं काही वाटलंच नाही.

मग आला तो प्रसिद्ध वल्ह्यांचा प्रयोग. पाण्याचं भांडं, आत फिरणारी वल्ही, दोरीला बांधलेली वजनं. वजनं खाली सोडायची, वल्ही पाणी घुसळणार. वजनं परत वर गुंडाळायची, पुन्हा सोडायची. असं वीस वेळा. एवढं करून पाणी तापायचं ते फॅरनहाइटच्या साधारण अर्ध्या अंशाने. मँचेस्टरच्या डान्सर नावाच्या उपकरणकर्त्याने त्याला अतिशय बारीक खुणांचे थर्मामीटर बनवून दिले होते. पण लोकांना खरं वाटायचं नाही. बीअरवाल्याचा हा पोरगा अंशाच्या शंभराव्या भागावरून विज्ञान उलथवून टाकायला निघालाय, हे पचणं अवघडच होतं.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं. विषय तसाच विरून गेला असता, पण श्रोत्यांमध्ये विशीतला विल्यम थॉमसन बसला होता. पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला तोच. त्याला वाटलं, यात काहीतरी आहे. त्याच उन्हाळ्यात ज्यूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं आणि जोडपं आल्प्सकडे मधुचंद्राला गेलं. थॉमसनने नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार त्याला शामोनीजवळच्या रस्त्यावर ज्यूल भेटला, तो हातात लांबलचक थर्मामीटर घेऊन. धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी मोजायचं होतं! थर्मामीटरची गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण हिशोब खरा आहे. ५० मीटर पडलेलं पाणी जेमतेम ०.१२ सेल्सिअस अंशाने तापतं. उष्णता किती महाग असते, हे इथे कळतं.

१८५० मध्ये त्याने आकडा पक्का केला: ७७२. म्हणजे एक पौंड पाणी एका फॅरनहाइट अंशाने तापवायचं, तर ७७२ पौंड वजन एक फूट खाली येताना होईल तेवढं काम लागतं. आजचा आकडा ७७८ आहे. घरच्या प्रयोगशाळेतून, दोरी आणि वल्ह्यांच्या जोरावर, चूक एका टक्क्याहूनही कमी. जर्मनीत डॉक्टर मायरने १८४२ मध्येच हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती आणि श्रेयावरून पुढे वादही झाला. पण इतक्या बारकाईने, वेगवेगळ्या रीतींनी मोजून दाखवलं ते ज्यूलने.

आता ट्रेलरकडे, ज्यूलच्या पद्धतीने

ज्यूलची पद्धत अशी, की किती उष्णता गेली आणि किती हाती लागली याचा ताळा जुळवायचा. जुळत नसेल तर गळती शोधायची. ट्रेलरमध्ये ती गळती बहुतेक वेळा उष्णतेची नसतेच. थंड पाणी चोरवाटेने येऊन गरम पाण्यात मिसळत असतं.

१. आधी वेळ बघा. पाणी सुरुवातीला कडक आणि पाच-सहा मिनिटांनी कोमट होत असेल, तर बिघाड नाही. टाकीच छोटी आहे. पहिल्या मिनिटापासून कोमट असेल तर पुढे जा.

२. तीन तापमानं लिहा. समजा थंड नळ १५, टाकीत अपेक्षित ६०, गरम नळाला मात्र ३८. १५ आणि ६० च्या बरोबर मध्ये ३७.५ येतात. म्हणजे गरम नळातून निम्मं थंड पाणी येतंय.

३. ट्रेलरच्या बाहेर पाय धुवायला शॉवर असेल तर त्याचे दोन्ही नळ बंद करा. बरेच लोक नळ उघडे ठेवून फक्त शॉवरच्या डोक्याचं बटण दाबतात. मग थंड पाणी तिथूनच गरम पाइपात घुसतं.

४. बायपास व्हॉल्व्ह तपासा. हिवाळ्यात पाइपात अँटीफ्रीझ भरताना टाकी वगळण्यासाठी तो उघडतात. उन्हाळ्यात तो अर्धवट उघडा राहिला, की थंड पाणी टाकीला वळसा घालून थेट नळाला जातं.

५. खात्री करायची असेल तर हीटर बंद करून टाकीत जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम नळ उघडा. धार लवकरच थांबली पाहिजे. वाहतच राहिली तर चोरवाट नक्की आहे. तपासून झाल्यावर व्हॉल्व्ह परत उघडा.

६. चोरवाट नसेल तरच गॅस, व्होल्टेज आणि एलिमेंट यांच्याकडे वळा. टाकी रिकामी असताना विजेचा हीटर चालू केला तर एलिमेंट काही क्षणांत जळतो, म्हणून आधी गरम नळातून पाणी येतंय का ते बघा.

गॅसचा वास आला तर सगळं बंद करून बाहेर पडा आणि जाणकाराला बोलवा. टाकीचा सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून तो कधीही बुजवू नका. आणि ६० अंशांचं पाणी भाजतं, मुलांच्या अंगावर आधी ते घेऊ नका.

शेवटची वर्षं

१८५० मध्ये ज्यूल रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. जिने त्याचा निबंध पूर्ण छापला नव्हता तीच ही सोसायटी. थॉमसनबरोबर त्याने वायू पसरताना होणाऱ्या तापमानबदलावर काम केलं, ते पुढे वायूंचं द्रवीकरण करणाऱ्या यंत्रांना उपयोगी पडलं. घरी मात्र दिवस कठीण आले. १८५४ मध्ये अमेलिया गेली, दोन लहान मुलं मागे ठेवून. कारखानाही विकला गेला. पैसा हळूहळू आटला आणि १८७८ मध्ये सरकारने त्याला वर्षाला २०० पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं. त्याच वर्षी, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने तो जुना आकडा पुन्हा एकदा मोजला. आला ७७२.५५.

१८८९ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव दिलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ ऑक्टोबरला, तो गेला. सेल गावाजवळच्या त्याच्या थडग्यावर नावासोबत एक आकडा कोरलाय, ७७२.५५. कोमट पाणी आलं म्हणून नशिबाला दोष देण्याआधी त्या आकड्याची आठवण ठेवा, आणि थर्मामीटर काढा.