क्षमायाचना करणारा पुढारी

वाचकहो, आमच्या इंदिरानगरातून मेट्रोत बसावे, मॅजेस्टिकला गाडी बदलावी आणि नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरावे, म्हणजे बसवनगुडीचा बुल टेंपल रस्ता फार दूर राहत नाही. त्या रस्त्यावर एक संस्था आहे. थोर कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली आणि तिला नाव दिले ते एका कोकणी माणसाचे. गुंडप्पांनी त्या माणसाचे कन्नडमध्ये चरित्रही लिहिले. त्याच्याही पूर्वी, १९१५ च्या मे महिन्याच्या ८ तारखेस, महात्मा गांधींनी याच बंगळूर शहरात त्याच्या तसबिरीचे अनावरण केले होते. तेव्हा त्या माणसाच्या निधनास तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते. तो माणूस म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

आपण शाळेत त्यांच्याविषयी बहुधा एक गोष्ट ऐकली असेल. गुरुजींनी घातलेले गणित गोपाळचे एकट्याचेच बरोबर आले, गुरुजींनी त्यास पहिल्या क्रमांकावर बसविले आणि तो रडू लागला. कारण ते गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडविले होते. गोष्ट गोड आहे. थोरांच्या बालपणाभोवती अशा गोष्टी जमतच असतात, म्हणून तिच्यावर मी फार भार देत नाही. परंतु वयाच्या एकतिसाव्या वर्षी याच माणसाने भर चौकात, सर्व देशासमक्ष, जे केले त्याला कागदोपत्री पुरावा आहे. आज सांगावयाचे ते मुख्यतः त्याविषयीच.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. ज्या मुलाने दुसऱ्याच्या त्यागावर विद्या मिळविली, त्याला पैशाचा हिशेब कसा ठेवावा हे वेगळे शिकवावे लागत नाही. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे वकिली किंवा सरकारी नोकरी यांचा मोह टाळून ते पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक झाले. वीस वर्षे पंचाहत्तर रुपये मासिक वेतनावर शिकविण्याची ती प्रतिज्ञा होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे गुरू. रानड्यांच्या हाताखाली त्यांनी अर्थशास्त्राचे आणि सरकारी अहवालांचे आकडे वाचण्याचे असे कठोर शिक्षण घेतले की पुढे कलकत्त्याच्या कौन्सिलात मोठमोठ्या अधिकाऱ्यांना त्यांच्या आकड्यांची धास्ती वाटू लागली.

आता १८९७ सालाकडे येऊ. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले होते. साक्ष उत्तम झाली. त्याच वेळी इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि रोगी शोधण्यासाठी गोरे शिपाई घराघरांत शिरत होते. त्या कारभाराविषयी लोकांत तीव्र संताप होता. पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी वर्तमानपत्रात पत्र लिहून प्लेगच्या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठविला होता, हे या पृष्ठांच्या वाचकांस ठाऊक असेल. गोखल्यांना पुण्याहून स्नेह्यांची पत्रे येत होती. त्यांपैकी काहींत अत्यंत भयंकर मजकूर होता: शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांतील एकीने जीव दिला. गोखल्यांनी पत्रलेखकांवर विश्वास ठेवला आणि ती हकीकत मँचेस्टर गार्डियन या पत्रातून जाहीर केली. विलायतेत मोठी खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला व पुरावा मागितला.

इकडे २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. २७ जुलैस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. त्यानंतर अवघ्या दोनतीन दिवसांत गोखल्यांची बोट मुंबईस लागली. पोलीस कमिशनर स्वतः बोटीवर आले. पत्रे ज्यांनी पाठविली त्यांतील कोणी पुढे येऊन साक्ष देण्यास तयार नव्हता. उलट आमची नावे सांगू नका, असाच त्यांचा आग्रह होता.

वाचकहो, क्षणभर त्यांच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. दोन वाटा सोप्या होत्या. पत्रलेखकांची नावे सांगून आपण मोकळे व्हावे, ही पहिली. काही न बोलता स्वस्थ बसावे, लोकमत सरकारविरुद्ध पेटलेलेच आहे, त्या गर्दीत आपली चूक कोणाच्या लक्षातही राहणार नाही, ही दुसरी. गोखल्यांनी या दोन्ही वाटा सोडल्या. नावे त्यांनी कधीही सांगितली नाहीत. आणि ऑगस्टच्या आरंभी वर्तमानपत्रांतून जाहीर केले की, आपण केलेला आरोप आपण सिद्ध करू शकत नाही, म्हणून तो बिनशर्त मागे घेतो. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग समितीचे सभासद व शिपाई या सर्वांची आपण क्षमा मागतो.

त्या क्षमापत्राची भाषा गरजेपेक्षा अधिक नम्र होती, असे तेव्हाही पुष्कळांस वाटले व आजही वाटते. मलाही ते नाकारता येत नाही. पुण्याच्या लोकांच्या तक्रारी सर्वच्या सर्व खोट्या नव्हत्या. सिद्ध न झालेला तो एक आरोप मागे घेऊन बाकीच्या गाऱ्हाण्यांवर ठाम राहता आले असते. परंतु भाषेचा तोल जरी चुकला असला तरी मूळ कृत्य कोणत्या जातीचे होते ते पाहावे. टिळक तुरुंगात जात होते आणि गोखले माफी मागत होते. लोकांच्या नजरेत एक वीर ठरला, दुसरा भित्रा. त्या वर्षाअखेर अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हा त्यांच्या वाट्यास उपेक्षाच आली. स्वतः गोखल्यांच्या मनावर तो घाव इतका खोल झाला की सार्वजनिक जीवन सोडून द्यावे असे त्यांना वाटू लागले. परंतु त्यांनी ते सोडले नाही. पुढच्या वर्षी पुण्यास प्लेग पुन्हा आला, तेव्हा हे प्राध्यापक स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामात उतरले. ज्या शहराने नावे ठेवली त्याच शहराच्या गल्ल्यांतून ते फिरले.

नंतरची त्यांची कारकीर्द आपण जाणता, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. तेथे सरकारी सभासदांचे मताधिक्य ठरलेलेच असे. लोकपक्षाने कितीही बोलावे, मतदानात हार निश्चित. अशा सभेत गोखले दरवर्षी अंदाजपत्रकावर बोलत व गरिबाच्या मिठावरील कराचा प्रश्न पुन्हा पुन्हा मांडीत. १९०३ ते १९०७ या काळात तो कर मणामागे अडीच रुपयांवरून टप्प्याटप्प्याने एका रुपयावर आला. लॉर्ड कर्झन यांच्या विद्यापीठ कायद्यास त्यांनी कसून विरोध केला, तरी १९०४ साली त्याच कर्झनच्या कारकीर्दीत त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. आणि पुढच्याच वर्षी बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कर्झनच्या राजवटीची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली. किताबाने जीभ बांधली गेली नाही. १९१४ साली सर ही पदवी देऊ केली गेली तेव्हा ती त्यांनी नाकारली.

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनी, १८६० च्या उमेदवारीसाठी आपल्याशी झुंजलेल्या सीवर्ड, चेस व बेट्स यांना आपल्या मंत्रिमंडळात घेतले व पुढे विरुद्ध पक्षातील स्टँटन यांच्याकडे युद्धखाते सोपविले, याची प्रशंसा जग करते. ती योग्यच आहे. पण लिंकन यांच्या हाती देण्यासारख्या जागा होत्या. गोखल्यांच्या हाती काय होते? एक मत, आणि ते हरणारे. विरोधकाने त्यांचे ऐकावे याला एकच कारण असे: हा मनुष्य खोटा आकडा सांगणार नाही, आणि चुकला तर स्वतःच सांगेल, याची खात्री. ती खात्री १८९७ सालच्या अपमानातून विकत घेतलेली होती, असे माझे मत आहे.

१९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी, तेही जेथे स्थानिक संस्था तयार असेल तेथेच, इतकी मर्यादित मागणी. बॅरिस्टर जीनांनी त्यास पाठिंबा दिला. आपण मुसलमानांतील गोखले व्हावे अशी त्या तरुणाची तेव्हाची आकांक्षा होती, असे सांगतात. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. हे होणार हे आपणास ठाऊक होते, आपणास तक्रार नाही व निराशाही नाही, अशा आशयाचे बोलून गोखले खाली बसले.

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. गिरमिटातून सुटलेल्या मजुरांवर तेथे तीन पौंडांचा वार्षिक कर होता. जनरल बोथा व स्मट्स यांच्या भेटीनंतर तो कर जाईल असे गोखल्यांना वाटले. सरकारने तो काढला नाही आणि १९१३ मध्ये गांधींचा लढा पेटला. मधुमेहाने खंगलेले गोखले गावोगाव निधी गोळा करीत हिंडले. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातील मिशनरी सी. एफ. अँड्र्यूज यांना त्यांनी आफ्रिकेस जाण्याची विनंती केली, आणि अँड्र्यूज आपले सहकारी पिअर्सन यांच्यासह निघाले. एक हिंदू पुढारी, एक इंग्रज धर्मोपदेशक, आणि मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखविणारा व्हाइसरॉय हार्डिंग: असे तिघे एका बाजूस उभे राहिल्याचे दृश्य त्या काळी वरचेवर दिसत नसे. १९१४ साली तो कर रद्द झाला.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला होता. समाजाच्या सभासदाने सात शपथा घ्यावयाच्या. त्यांत जात व धर्म न पाहता सर्व देशबांधवांस भाऊ मानावे, स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती घालवू नये, आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण करू नये, या होत्या. शेवटची शपथ सर्वांत कठीण असावी. टिळक आणि गोखले यांचे जमले नाही ते १८९० पासून. सुरतेस १९०७ साली काँग्रेस फुटली आणि दोघे दोन तंबूंत गेले. टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली तेव्हा त्यात गोखल्यांचा हात होता असा खोटा बोभाटा झाला. १९१४ च्या हिवाळ्यात दोन्ही गट एकत्र आणण्याच्या वाटाघाटी चालू असता गोखल्यांच्या एका खाजगी पत्रावरून वाद भडकला, आणि तो मिटण्यापूर्वीच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, एकोणपन्नासावे वर्ष पुरे होण्याआधी, गोखले वारले.

टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरून पुण्यात स्मशानभूमीवर आले. बोलावयास उभे राहताच जमावातील काहींनी टाळ्या वाजविल्या. टिळकांनी त्यांना थांबविले. ही वेळ टाळ्यांची नसून अश्रूंची आहे, असे बजावले. मग समोरच्या चितेकडे पाहून, ज्यांच्याशी पंचवीस वर्षे भांडण झाले त्या माणसाचे अनुकरण करण्यास त्यांनी पुणेकरांना सांगितले.