फादर स्टीफन्स : सागरदर्शनापासून ख्रिस्तपुराणापर्यंत

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बन सोडून ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले. या सागरप्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळविले. पाण्यात मोठा मासा आणि हवेत समुद्रपक्षी, अशा दोन शत्रूंच्या कचाट्यात सापडलेला उडता मासा त्यांनी बारकाईने टिपला. परंतु त्यातून धर्मोपदेश काढला नाही.

पुढील सुमारे चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत गेली. जुनी पुराणे निषिद्ध ठरलेल्या नवख्रिस्ती समाजासाठी त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यात मराठीची थोरवी सांगताना मोगरा, कस्तुरी, मयूर आणि कल्पतरू ही उपमाने येतात. यांतील कल्पतरू कोणत्याही रानात उगवत नाही. तो निषिद्ध पुराणांतूनच आलेला आहे. परकीय भूमीत श्रद्धा सांगण्यासाठी स्टीफन्स यांना केवळ तेथील निसर्ग पुरेसा झाला नाही. त्या निसर्गाला अर्थ देणारी परंपराही स्वीकारावी लागली. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले.